पाहुण्यांनी वसविलेले बंगळूर

कोणत्याही जुन्या नगराच्या नावामागे एखादी कथा असतेच. कोठे ती देवतेची असते, कोठे राजाच्या विजयाची. बंगळूरची कथा जेवणाची आहे. होयसळ राजा वीर बल्लाळ शिकारीस गेला असता रानात वाट चुकला. रात्र पडली, राजा भुकेने व्याकुळ झाला. तेव्हा एका झोपडीतील वृद्धेने घरात जे होते ते, म्हणजे थोडे उकडलेले कडधान्य, त्याच्यापुढे ठेवले. राजाने कृतज्ञतेने त्या जागेस 'बेंद काळु ऊरु', म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव दिले आणि त्याचेच पुढे बेंगळूरु झाले! कथा गोड आहे. परंतु इतिहास तिला अनुकूल नाही. नगराच्या दक्षिणेस बेगूर येथील देवळात इसवी सन ८९० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. त्यात हे नाव आलेले आहे, आणि वीर बल्लाळ तर त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी झाला. मौज अशी की, त्या शिलालेखात बेंगळूरचा उल्लेख एका लढाईच्या संदर्भात आहे. शिळेवर नगराची पहिली आठवण युद्धाची कोरली गेली; लोकांनी मात्र ती बाजूस सारून म्हातारीच्या घरचे जेवण लक्षात ठेवले. वाचकहो, लोकांची ही निवड मला फार बोलकी वाटते.

१ नोव्हेंबर २०१४ पासून या नगराचे सरकारी नाव 'बेंगळूरु' झाले आहे. आपण मराठी माणसे पूर्वापार 'बंगळूर' म्हणत आलो, तेच नाव येथे ठेवतो. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीच्या पठारावर हे वसले आहे. जवळ मोठी नदी नाही, बंदर नाही. तरीही १९४१ साली जेथे सुमारे ४ लाख लोक राहत होते, तेथे दहाच वर्षांत ही संख्या ७ लाख ८० हजारांच्या घरात गेली, आणि २०११ च्या जनगणनेत ती ८४ लाखांवर पोचली. एवढी माणसे आली कोठून? उत्तर साधे आहे: सर्व दिशांनी. या नगरात मूळचा यजमान शोधू जावे तर सापडणे कठीण. काल जो पाहुणा म्हणून आला, तोच आज दारात उभा राहून नव्या पाहुण्याचे स्वागत करीत आहे, असाच येथील परिपाठ. आणि या परिपाठावर नगराचा केवळ स्वभावच नव्हे, तर पुष्कळांचा चरितार्थही उभा आहे.

याची पहिली साक्ष आपल्याच घरातली आहे. १५३७ साली केंपेगौडाने मातीचा कोट बांधून पेठा वसविल्या. चिक्कपेटे, अक्कीपेटे, रागीपेटे ही त्या पेठांची नावे आजही चालू आहेत. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६३८ साली, रणदुल्लाखानाच्या आदिलशाही सैन्याने हे ठाणे घेतले आणि ते शहाजीराजे भोसल्यांकडे आले. शहाजीराजे आले ते परक्या मुलखातील सरदार म्हणून. पण त्यांनी येथे जी सभा भरविली तिच्यात अनेक भाषांचे कवी, पंडित आणि कलावंत आश्रयास होते. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त या सभेचे वर्णन आहे, आणि हा ग्रंथ इतिहासाचार्य राजवाडे यांनी संपादून प्रसिद्ध केला हे अभ्यासू वाचकांस ठाऊक असेलच. कर्नाटकाच्या पठारावर, मराठी सरदाराच्या दिवाणखान्यात, निरनिराळ्या भाषांतील कवींनी एकापाठोपाठ आपली कवने म्हणावी, हे दृश्य मनाशी आणून पाहावे! पुढे १६८७ साली मोगलांनी हे ठाणे घेऊन तीन लाख रुपयांस म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांस दिले आणि भोसल्यांचा अंमल संपला. मल्लेश्वरमला ज्यावरून नाव मिळाले त्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचे नाव आजही निगडित आहे, आणि येथील मराठा समाजाचा गोसावी मठ गविपुरात आहे.

दुसरी साक्ष चैत्री पौर्णिमेच्या रात्रीची. जुन्या पेठेतील धर्मरायस्वामीच्या देवळातून 'करग' निघतो. करग म्हणजे द्रौपदीचे प्रतीक मानलेला, फुलांनी शिगोशीग सजविलेला कलश. तो डोईवर घेणारा पुरुष त्याला हातही न लावता रात्रभर पेठांतून चालतो. हा मान तिगळ समाजाचा. बागाईत हा त्यांचा परंपरागत धंदा, आणि लालबागेसारखी उद्याने ज्या हातांनी फुलविली त्यांत त्यांचे हात आहेत. ही मिरवणूक वाटेत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात जाते, हे ऐकून नवख्या माणसास नवल वाटते. पेठेतील माणसास ते विचारण्याजोगेही वाटत नाही.

इंग्रजांनी १८०९ साली नगराशेजारी आपली छावणी वसविली तेव्हा एकाचे दोन बंगळूर झाले. एका बाजूस पेठ, दुसऱ्या बाजूस बँड, नाच, घोडदौड आणि क्लब. १८८७ च्या सुमारास ब्रॉन्सन नावाच्या बाईंनी काढलेल्या एका साध्या खाणावळीवजा निवासातून आजचे वेस्ट एंड हॉटेल उभे राहिले. बंगळूर क्लबाच्या जुन्या हिशेबवहीत एक गमतीची नोंद आहे. विन्स्टन चर्चिल तरुणपणी लष्करी अधिकारी म्हणून येथे होते. त्यांच्याकडून येणे असलेले १३ रुपये वसूल होण्याजोगे नाहीत असे क्लबाने १८९९ साली लिहून ठेवले. छावणी आणि पेठ यांची नगरपालिका एक व्हावयास १९४९ साल उजाडले. दोन्हींचे आदरातिथ्य मात्र पुष्कळ दिवस वेगवेगळ्या पाटावर बसत होते, आणि आपल्याला अधिक ओढ आहे ती पेठेच्या बाजूची.

१८९८ च्या प्लेगानंतर दाट वस्तीबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम अशा मोकळ्या वसाहती आखल्या गेल्या. कारकून, शिक्षक, वकील, विद्यार्थी तेथे राहावयास आले. घर सोडून एकट्याने राहणाऱ्या माणसाला पहिली विवंचना जेवणाची. आणि त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील उडुपी, कुंदापूर भागातील तरुण पोटामागे घाट चढून येत होते. त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. देवळांच्या आणि घरांच्या स्वयंपाकघरांत कमावलेला हात मात्र होता. मुंबईकर वाचकांना हा माणूस परका नाही. माटुंग्यास १९४२ साली रामा नायकांनी काढलेले उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो चांगला ओळखू येईल.

अशांपैकीच मय्या बंधू. उडुपीजवळच्या परंपळ्ळी गावाहून ते आले, आरंभी प्रतिष्ठित घरांत स्वयंपाक करीत, आणि १९२४ साली त्यांनी एक लहानसे उपाहारगृह काढले. लालबागेजवळची 'मावळ्ळी टिफिन रूम', म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले एम. टी. आर., ते हेच. त्यांच्यापैकी यज्ञनारायण मय्या यांनी १९५१ साली युरोपचा प्रवास केला. तेथील उपाहारगृहांतील स्वच्छता आणि शिस्त पाहून त्यांनी परत आल्यावर आपल्या स्वयंपाकघरात भांडी वाफेने निर्जंतुक करण्यापासून अनेक सुधारणा केल्या. गिऱ्हाइकाने हवे तर स्वयंपाकघर डोळ्यांनी पाहावे, असा तेथला प्रघात. आपल्याकडे चांगल्या घरात सुद्धा पाहुण्याला स्वयंपाकघरात नेण्यापूर्वी गृहिणी दोनदा विचार करील! त्या दृष्टीने ही गोष्ट लहान म्हणता येणार नाही.

घरोघरी आता होणारी रवा इडलीही याच स्वयंपाकघराची निर्मिती असे सांगतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तांदळावाचून इडली कशी करावयाची हा प्रश्न पडला, आणि तांदळाऐवजी रवा घेऊन, दही घालून, मोहरी व काजूची फोडणी देऊन ती अडचण भागविली गेली. टंचाई सरली तरी पदार्थ राहिला. अडचणीतून पदार्थ निघावा आणि तोच पुढे ओळख व्हावा, हे त्या घराला पुन्हा एकदा करावे लागले. १९७५ च्या आणीबाणीत खाद्यपदार्थांचे कमाल दर शासनाने बांधून दिले. शुद्ध तूप आणि ठरलेला माल वापरून त्या दरात विकणे परवडेना. माल हलका करण्यास मालक तयार होईनात. रोज किती तोटा झाला याचा फलक दाराशी लावून त्यांनी काही दिवस धंदा चालविला आणि अखेर बंद केला. हाताखालच्या माणसांना काम तर द्यावयास हवे, म्हणून मसाले आणि तयार पिठे पुड्यांतून विकण्यास सुरुवात झाली. या पुड्यांचा पुढे एवढा मोठा कारखानदारी व्यवसाय झाला की २००७ साली तो ऑर्क्ला या नॉर्वेतील कंपनीने विकत घेतला. उपाहारगृह मात्र मय्या कुटुंबाकडेच राहिले. ज्या दरनियंत्रणामुळे हे घडले त्याचा हेतू गरिबास स्वस्त अन्न मिळावे हाच होता, हेही येथे नमूद केले पाहिजे. परंतु ताटातला पदार्थ आणि त्यामागचा हिशेब यांचे नाते कागदावरच्या हुकमाने सांभाळता येत नाही, हेही या प्रकरणात दिसले.

बसवनगुडीच्या गांधी बाजारात १९४३ साली निघालेले विद्यार्थी भवन नावाप्रमाणे आसपासच्या विद्यार्थ्यांसाठी होते. तेथील जाड, कुरकुरीत मसाला डोसा आणि हातावर डोशांच्या बशांची उतरंड रचून टेबलांमधून सराईतपणे चालणारे वाढपी पाहण्यासाठी आज परगावची माणसे सकाळी रांगेत उभी राहतात. विद्यार्थ्यांची जागा प्रवाशांनी घेतली म्हणून कोणी खंत करील. मला तरी तीत खंत करण्यासारखे काही दिसत नाही.

१९८०च्या दशकात बंगळूरने आणखी एक युक्ती काढली, तिचे नाव 'दर्शिनी'. जयनगरात 'कॅफे दर्शिनी' निघाले आणि त्यावरून ही जातच पडली. दाराशी पैसे देऊन चिठ्ठी घ्यावयाची, खिडकीपाशी ती देऊन पदार्थ उचलावयाचा, उंच टेबलाशी उभ्याने खावयाचे आणि निघावयाचे. खुर्च्या नाहीत, म्हणून जागा थोडी पुरते. वाढपी नाहीत, म्हणून दर उतरतात. गिऱ्हाईक दहा मिनिटांत बाहेर पडते, म्हणून त्याच जागेत दिवसभरात कित्येक पट माणसे खाऊन जातात. जागेचे भाडे हीच ज्या नगरातील मुख्य अडचण, तेथे हे अर्थशास्त्र चांगलेच फळले. रिक्षावाला, बँकेतील अधिकारी, संगणकावर काम करणारा तरुण आणि भाजीवाली एकाच टेबलाच्या चार बाजूंना उभी आहेत असे दृश्य येथे सकाळच्या वेळी नित्याचे असते. पंगतीचे कितीतरी जुने प्रश्न खुर्च्या काढून टाकल्याने आपोआप निकालात निघाले!

याच ठिकाणी 'बाय टू' ऐकू येते. एक कॉफी मागवून दोन पेल्यांत करून घ्यावयाची, यास बंगळुरात संकोच वाटत नाही आणि दुकानदारही कपाळाला आठी घालीत नाही. चिक्कमगळूरच्या डोंगरांतून येणाऱ्या कॉफीच्या व्यापाराचे आणि कॉफी मंडळाचे मुख्य ठाणे हेच नगर. १९९६ साली ब्रिगेड रोडवर व्ही. जी. सिद्धार्थ यांनी 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दुकान काढले तेव्हा कॉफीबरोबर इंटरनेटही मिळत असे. सिद्धार्थ यांचा २०१९ साली दुःखद अंत झाला. एका पेल्याचे दोन करून पिणाऱ्या नगरातच, एका पेल्यासाठी जेवणाएवढे पैसे घेणाऱ्या दुकानांचीही चाल पडावी, ही विसंगती दोघांनाही जाचत नाही, कारण दोघांचे गिऱ्हाईक पुष्कळदा एकच असते.

भाषांतराच्या कामात पडलेल्या माणसाला शब्दांचा छंद असतो, म्हणून थोडे विषयांतर करतो. कन्नड माणूस भेटताच विचारतो, 'ऊट आय्ता?' म्हणजे 'जेवण झाले?' आपल्याकडेही 'जेवलात का?' हे नुसते विचारणे नसून अगत्य असते. दुसरा बंगळुरी वाक्प्रयोग आहे 'स्वल्प अड्जस्ट माडि.' यातील मधला शब्द इंग्रजी आहे हे आता कोणाच्या लक्षातही येत नाही. शब्दशः 'जरा जमवून घ्या'. पण मराठीत त्याचा खरा अर्थ आगगाडीच्या डब्यातील 'जरा सरकून घ्या' यात उतरतो. बाकावर चौथ्यासाठी जागा करावयाची, भाड्याच्या घरात आणखी एक भाऊ ठेवून घ्यावयाचा, रस्ता तुंबला तर हॉर्न वाजवीत का होईना वाट काढावयाची, हे सारे त्या तीन शब्दांत येते.

पैसे न घेता केले जाणारे आदरातिथ्य पाहावयाचे असेल तर रामनवमीस जावे. रस्तोरस्ती मांडव घालून गुळाचे आले-वेलदोडे घातलेले पानक, पातळ ताक आणि कोसंबरी वाटतात. भिजविलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे, लिंबू असलेली ही कोसंबरी म्हणजे आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण. चामराजपेठेत १९३८ साली सुरू झालेल्या श्री रामसेवा मंडळीचा संगीतोत्सव याच दिवसांत फोर्ट हायस्कुलाच्या पटांगणात होतो. एम. एस. सुब्बुलक्ष्मींसारख्या श्रेष्ठ गायिका तेथे गाऊन गेल्या. तिकीट काढून आत बसावे, किंवा बाहेर उभे राहून फुकट ऐकावे, ही सोय कित्येक वर्षे रसिकांनी उपभोगली. पुष्कळांच्या कानांवर शास्त्रीय संगीताचा पहिला संस्कार कुंपणाबाहेर उभे असतानाच झाला असेल.

आता नाटक-सिनेमाकडे वळू. बंगळूरच्या मुख्य बसस्थानकास केंपेगौडाचे नाव आहे, रेल्वे स्थानकास संगोळ्ळी रायण्णाचे. तरी रिक्षात बसून आपण 'मॅजेस्टिक' म्हटले की नेमके तेथेच पोचविले जाते. मॅजेस्टिक हे एका चित्रपटगृहाचे नाव होते. ते चित्रपटगृह नाहीसे झाले, पण साऱ्या भागाला आपले नाव देऊन गेले. केंपेगौडा रस्त्याच्या आसपास सागर, कपाली, संतोष, नर्तकी, त्रिभुवन, मेनका, स्टेट्स अशी एकामागून एक चित्रपटगृहे होती. संध्याकाळी खेड्यापाड्यांतून बसने आलेला माणूस उतरल्याबरोबर प्रथम सिनेमाचा फलक पाहत असे. एका खेळाभोवती किती जणांचे पोट चालते ते मोजून पहा: फलक रंगविणारे, दाराशी टॉर्च घेऊन उभा राहणारा, शेंगदाणेवाला, लॉजवाला, हार विकणारी, रात्रीच्या शेवटच्या बसचा चालक. कपाली पाडले गेले, त्याआधी आणि नंतर इतरही गेली, तेव्हा ही सगळी साखळी तुटली. मॉलमधील चित्रपटगृहे आली खरी, पण तेथे शेंगदाणेवाल्यास दार नाही.

कन्नड चित्रपटाच्या जन्माशी महाराष्ट्राचा संबंध आहे हे थोड्या वाचकांना ठाऊक असेल. पहिला कन्नड बोलपट 'सती सुलोचना' १९३४ साली बंगळुरात प्रदर्शित झाला. त्याचे चित्रण झाले होते कोल्हापुरात, छत्रपती स्टुडिओत. त्या काळी बंगळुरात स्टुडिओच नव्हता. कलावंतांची परंपरा मात्र होती. गुब्बी वीरण्णांची नाटक कंपनी हत्ती-घोडे रंगभूमीवर आणण्यासाठी प्रसिद्ध होती. पुढे चित्रपटात अनभिषिक्त राजा ठरलेले राजकुमार त्याच कंपनीत तयार झाले. कोल्हापूरने एका पाहुण्या मंडळीला चित्रणासाठी जागा दिली, त्याची परतफेड बंगळूरने अनेक रीतींनी केली. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेले शंकर नाग बंगळुरास आले, कन्नड प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि १९९० साली अपघातात ते गेले तेव्हा त्यांचे वय छत्तिसाच्या आत होते. त्यांच्या पत्नी अरुंधती नाग यांनी खटपट करून जयप्रकाश नगरात २००४ साली 'रंगशंकर' हे नाट्यगृह उभे केले. तीनशेंवर आसने, नाटक कंपनीला परवडेल असे भाडे, सोमवार सोडून बहुधा रोज एक प्रयोग, आणि वेळ झाली की दार बंद! उशिरा येणारा कितीही मोठा असो, आत घेतला जात नाही. बाहेरच्या उपाहारगृहात साबुदाणा वडा मिळतो, तेवढ्यानेही मराठी माणसास घरी आल्यासारखे वाटते. उलट दिशेचे उदाहरणही आहे. बंगळुरातील मराठी घरात १९५० साली जन्मलेले शिवाजीराव गायकवाड येथे बसचे कंडक्टर होते. मद्रासला जाऊन ते रजनीकांत झाले. एका नगराने दिले, दुसऱ्याने घेतले, आणि प्रेक्षक तिन्ही भाषांचे!

मनोरंजन स्वस्त असावे की महाग, हा वाद बंगळुरात ताजा आहे. २०२५ साली राज्य शासनाने तिकिटाचा कमाल दर २०० रुपये ठरविला, चित्रपटगृहमालक न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाने त्या नियमास स्थगिती दिली. १९७५ ची मावळ्ळीची गोष्ट आठवते ती अशा वेळी.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या या पानांत मद्यगृहांचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु १९८०च्या दशकापासून या नगराची देशभर जी ख्याती झाली तीत 'पब'चा वाटा आहे, तो डोळ्यांआड करून चालणार नाही. छावणीच्या जुन्या सवयी, जवळच असलेले बीअरचे कारखाने आणि हातात पगार खुळखुळू लागलेली तरुण पिढी यांतून ही दुकाने निघाली. १९८१ साली पुण्यात निघालेली इन्फोसिस १९८३ साली येथे आली, तशा अनेक कंपन्या पुढे आल्या, आणि एकट्या राहणाऱ्या लाखो तरुणांना संध्याकाळी बसावयास जागा हवी होती. या धंद्यावर किती जण अवलंबून आहेत ते २०१७ च्या जुलैत कळले. महामार्गापासून ठराविक अंतरात मद्यविक्री नको हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागू झाला, आणि नकाशावर महामार्ग ठरलेल्या महात्मा गांधी रस्त्यासारख्या भागांतील शेकडो दुकाने काही आठवडे बंद पडली. मद्य थांबले याचे अनेकांना समाधान झाले. पण बश्या धुणारे, गाणारे, पहारेकरी यांचा पगारही थांबला. शेजारी राहणाऱ्यांची बाजूही खरी आहे. इंदिरानगरातील गृहस्थाच्या निद्रेवर रात्री एकच्या ढोलकीचा हक्क नसावा, या मताशी मी सहमत आहे.

पाण्याची गोष्ट आणखी अवघड. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणावे लागते. २०२४ च्या मार्चमध्ये टंचाई एवढी झाली की पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी कारंजी, वाहने धुणे, करमणूक यांसाठी वापरण्यास बंदी केली, आणि होळीस हॉटेलांतून होणारे पाण्याचे नाच करू नयेत असे सांगितले. ज्या नगराचे नाव उकडलेल्या दाण्यांवरून पडले असे लोक मानतात, तेथे ते दाणे शिजवावयाचे पाणीही मोजून घ्यावे लागत होते.

आदरातिथ्याची खरी कसोटी मात्र याहून वेगळी आहे. या नगरातील वाढपी बदलले आहेत. एके काळी किनाऱ्यावरची मुले हे काम करीत. आता आसाम, मणिपूर, नागालँड, मिझोराम, त्रिपुरा, ओडिशा, बंगाल येथील तरुण ते करतात. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत, केशकर्तनालयांत, इमारतींच्या पहाऱ्यावर तेच दिसतात. १५ ऑगस्ट २०१२ च्या सुमारास, आसामातील दंगलीनंतर, ईशान्येकडील लोकांवर येथे हल्ले होणार अशी अफवा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली. हल्ला झाला नव्हता. पण भीती खरी होती. स्थानकावर माणसांची रीघ लागली. रेल्वेने गुवाहाटीस विशेष गाड्या सोडल्या. काही दिवसांत हजारो तरुण-तरुणी हातात पिशव्या घेऊन निघून गेल्या. मंत्री आणि पोलीस अधिकारी स्थानकावर जाऊन त्यांना थांबण्याची विनंती करीत होते. केंद्र शासनाने एकगठ्ठा संदेशांवर पंधरा दिवस निर्बंध घातला. नगरातील पुष्कळांना आपल्या पुढ्यात रोज बशी ठेवणारा माणूस कोठून आला होता हे तेव्हा प्रथमच कळले. पुढच्या आठवड्यांत बरेच जण परतले, कारण नोकरी येथेच होती. परंतु कित्येक वर्षे राहूनही 'स्वल्प अड्जस्ट माडि' हे आपल्याला उद्देशून म्हटले आहे असे त्यांना वाटले नव्हते, हे विसरण्याजोगे नाही.

२०२४ च्या जुलैत याची दुसरी बाजू दिसली. हावेरी जिल्ह्यातील एक वृद्ध शेतकरी मुलाबरोबर सिनेमा पाहावयास एका मॉलमध्ये गेला. तिकीट काढलेले होते. धोतर आणि पागोटे असा त्याचा वेश. त्या वेशात आत सोडता येणार नाही, असे दारावरील रखवालदाराने सांगितले. बातमी पसरताच लोक चिडले, विधानसभेत चर्चा झाली, आणि शासनाने तो मॉल सात दिवस बंद ठेवावयास लावला. मॉलवाल्यांनी क्षमा मागून त्या गृहस्थाचा सत्कार केला. सात दिवसांची शिक्षा योग्य होती की अधिक होती यावर मतभेद होऊ शकतील. आपल्याच मुलखातील माणूस आपल्याच राजधानीत उंबरठ्यावर अडावा, यात मतभेदास जागा नाही. रखवालदाराचा राग करण्यातही अर्थ नाही. कोणाला आत घ्यावयाचे हे त्याने ठरविले नव्हते.

आणि पाहुणे बोलावून त्यांची व्यवस्था न केल्यास काय होते ते ४ जून २०२५ रोजी घडले. क्रिकेट संघाच्या विजयोत्सवासाठी चिन्नस्वामी मैदानाकडे लोटलेल्या गर्दीत दारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण दगावले. मृतांत तरुणांचाच भरणा होता. आपल्या घरच्या लग्नातसुद्धा किती पाने वाढावयाची हे आधी मोजतो आपण.

आपण बंगळुरास जावयाचे ठरविले तर कार्तिक महिना निवडावा अशी माझी सूचना आहे. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत, दोड्ड बसवण्णाच्या, म्हणजे प्रचंड नंदीच्या देवळापाशी 'कडलेकाई परिषे', शेंगांची जत्रा, भरते. पूर्वी या भागात शेंगांची शेते होती. एक बैल रात्री येऊन पीक खाऊन जाई, म्हणून शेतकऱ्यांनी पहिला उपज नंदीस वाहण्याचा नवस केला, अशी कथा सांगतात. शेते जाऊन तेथे घरे झाली त्याला आता शंभर वर्षे होऊन गेली, तरी कर्नाटकाच्या आणि शेजारच्या राज्यांच्या खेड्यांतून शेतकरी शेंगांची पोती घेऊन येतात, रस्त्याच्या कडेस ढीग लावतात आणि रात्री त्याच ढिगांशेजारी निजतात. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या अशा तिन्ही तऱ्हांच्या शेंगा मिळतात. भाव सेराच्या मापावर सांगतात, आणि माप भरून झाल्यावर विकणारा वरून एक मूठ घालतो, तिचे पैसे घेत नाही.